स्तनातल्या गाठीची ‘एकाच फेरीत’ तपासणी: गंगापूर रोडवरच्या क्लिनिकचं परीक्षण

नाशिकमध्ये स्तनात गाठ लागली की बाईची फरपट सुरू होते. आधी घराजवळचे डॉक्टर, मग सोनोग्राफी एका सेंटरला, मॅमोग्राफी दुसऱ्या, सगळे रिपोर्ट घेऊन सर्जनकडे आणि सुईच्या तपासणीसाठी तिसरीच लॅब. सुरगाणा-पेठहून एसटीने येणाऱ्या बाईसाठी यातली प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी असते. शिवाय चार ठिकाणचे चार कागद एकमेकांशी जुळतात का, हे बघायला कोणी नसतं. ही अडचण ओळखून गंगापूर रोडवरच्या एका खासगी क्लिनिकने सर्जन, मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायोप्सी एकाच मजल्यावर आणली आहे. क्लिनिकचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लावलेली मोजपट्टी शहरातल्या कुठल्याही केंद्राला लावता यावी असा हेतू आहे.

मोजपट्टी एकच आहे. गाठीचा निकाल तिघांनी मिळून द्यायचा असतो: डॉक्टरांचे हात, मॅमोग्राफी-सोनोग्राफीचं चित्र आणि सुईने काढलेला तुकडा. याला तिहेरी तपासणी म्हणतात. तिघांनीही गाठ साधी आहे असं सांगितलं तर ती कॅन्सरची निघण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी उरते. तिघांपैकी एकाचं जरी उरलेल्या दोघांशी पटत नसेल तर काम संपलेलं नसतं. त्यामुळे यंत्र किती महागडं आहे आणि वेटिंग रूम किती गार आहे याला आम्ही गुण दिलेले नाहीत. (वेटिंग रूम चांगली आहे, कपडे बदलायला पडद्याऐवजी दाराची खोली आहे, आणि तपासताना एक बाई कर्मचारी कायम हजर असते. एवढं पुरेसं.)

सुरुवात माहितीच्या फॉर्मने होते आणि फॉर्म विचार करून केलेला आहे. गाठ कधी लागली, पाळीच्या आधी मोठी होऊन नंतर ओसरते का, मार लागला होता का, बाळ अंगावर पितं का, बोंडशीतून काही येतं का, येत असेल तर दाबल्यावर की आपोआप, एका छिद्रातून की अनेक, आणि रंग कोणता. हा शेवटचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी विचारतच नाहीत. दोन्ही बाजूंनी, अनेक छिद्रांतून, दाबल्यावर येणारा हिरवट किंवा दुधाळ स्राव बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. एकाच बाजूच्या एकाच छिद्रातून आपोआप येणारं रक्त किंवा पाण्यासारखा स्राव मात्र पुढच्या तपासणीशिवाय सोडायचा नसतो. त्याचं सर्वांत नेहमीचं कारण दुधाच्या नळीतला पॅपिलोमा, म्हणजे मशासारखी साधी वाढ, हे असलं तरी त्यामागे कॅन्सरही असू शकतो.

फॉर्ममध्ये एक उणीव आहे. घराण्यातल्या कॅन्सरबद्दल विचारताना आई, बहीण, मावशी, आजी एवढंच छापलंय. वडिलांची बाजू गायब आहे. स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो, त्यामुळे आत्या आणि वडिलांची आई यांचीही नोंद हवी. अंडाशयाच्या कॅन्सरचा रकाना तर नाहीच. जाणाऱ्यांनी हे आपणहून सांगावं.

यानंतर हाताची तपासणी. या क्लिनिकचा हा सर्वांत भक्कम भाग आहे, आणि आम्ही सगळ्यात जास्त वजनही त्यालाच देतो. इथे बाईला आधी बसवून बघतात: हात खाली सोडून, मग हात डोक्यावर नेऊन, मग कमरेवर घट्ट दाबून, मग थोडं पुढे वाकवून. कमरेवर हात दाबला की छातीचा स्नायू आवळतो, आणि त्वचेला किंवा स्नायूला चिकटलेली गाठ असेल तर तेव्हाच त्वचेवर खळी उमटते. झोपवून तपासणाऱ्याला ती दिसतच नाही. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झालीय का, बोंडशी नव्याने आत ओढली गेलीय का, बोंडशीवर न भरणारा खाजरा चट्टा आहे का, हेही याच वेळी बघायचं. लहानपणापासून आत असलेल्या बोंडशीची काळजी नसते, अलीकडे आत गेलेलीची असते.

मग झोपवून, त्या बाजूचा हात डोक्याखाली ठेवून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी उभ्या पट्ट्यांत तपासणी. गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत, काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत. प्रत्येक जागी तीन दाब द्यायचे, हलका, मध्यम आणि बरगडीपर्यंत पोचणारा. घाई न करता केलं तर एका बाजूला सुमारे तीन मिनिटं लागतात, आणि इथे ती देतात. काख तपासताना डॉक्टर बाईचा हात स्वतःच्या हातावर तोलून धरतात, म्हणजे काखेचे स्नायू सैल पडतात आणि आतली गाठ हाताला लागते. शेवटी गळ्याच्या हाडाच्या वरची जागा. गाठ नसलेल्या बाजूपासून सुरुवात करतात, हेही बरोबर, कारण तिच्या स्तनाचा नेहमीचा पोत आधी हाताला कळतो.

हाताला एवढं महत्त्व देण्याला भक्कम आधार आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने 1998 मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका होत्या. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासले. 2021 मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडू लागले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

हाताला काय लागतं त्यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. पंधरा ते पस्तीस वयात गुळगुळीत, रबरासारखी, बोटाखालून निसटणारी गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडिनोमाची, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ. पस्तीस ते पन्नाशीत, पाळीच्या आधी ताणलेली, कधी अचानक एका रात्रीत आल्यासारखी वाटणारी गाठ बहुधा पाण्याची, म्हणजे सिस्ट. बाहेरच्या वरच्या भागात दोन्हीकडे दाणेदार, दुखरा पोत असेल तर तो संप्रेरकांच्या चढउताराचा परिणाम असतो, आणि पाळी सुरू झाल्यापासून आठवड्याने पुन्हा तपासलं की बराचसा ओसरलेला दिसतो. म्हणूनच पाळी येणाऱ्या बाईने शक्य असेल तर सातव्या ते दहाव्या दिवसाची अपॉइंटमेंट घ्यावी. मात्र गाठ स्पष्ट असेल तर पाळीची वाट पाहत बसू नये.

कडक, कडा नीट न लागणारी, एका जागी रुतलेली आणि बहुतेक वेळा न दुखणारी गाठ कॅन्सरकडे बोट दाखवते. दुखत नाही म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढलं जातं ते याच गाठीला. उलट दुखते म्हणून कॅन्सर नाही, हाही निष्कर्ष काढता येत नाही. मार लागल्यावर किंवा ऑपरेशननंतर स्तनातली चरबी मरून तयार झालेली गाठ हाताला आणि चित्रातही हुबेहूब कॅन्सरसारखी वाटू शकते. तिथे तुकडा तपासल्याशिवाय सुटका नाही. चाळिशीच्या आसपास काही महिन्यांतच भराभर वाढणारी गुळगुळीत गाठ फायलोड्स ट्यूमरची असू शकते. ती फायब्रोअ‍ॅडिनोमा समजून कडेकडेने सोलून काढली तर पुन्हा उगवते, तिच्याभोवतीच्या निरोगी कडेसकट काढावी लागते. बाळंतिणीची लाल, तापलेली, ठणकणारी गाठ म्हणजे बहुधा गळू. दूध सोडवल्यानंतर राहिलेली मऊ गाठ साठलेल्या दुधाची. आणि आपल्याकडे टीबी विसरता येत नाही: वारंवार फुटणारी, पू वाहणारी, अँटिबायोटिकला दाद न देणारी जागा असेल तर तुकड्याची टीबीसाठीही तपासणी हवी.

गाठीची नोंद हे क्लिनिक स्तनाला घड्याळाची तबकडी मानून करतं. ‘उजवी बाजू, 10 वाजता, बोंडशीपासून 4 सें.मी., आकार 18 बाय 15 मि.मी.’ आकार कॅलिपरने मोजतात, अंदाजाने ‘लिंबाएवढी’ असं लिहीत नाहीत. सहा महिन्यांनी गाठ वाढली की नाही हे ठरवायचं तर याच नोंदीचा आधार लागतो. शहरातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसतं ‘उजव्या स्तनात गाठ’ एवढंच असतं. मग सोनोग्राफी करणारा वेगळीच जागा बघतो, सापडलेल्या निरुपद्रवी सिस्टवर समाधान मानतो आणि मूळ गाठ तशीच राहते. इथे डॉक्टर गाठीवर पेनाने खूण करून बाईला चित्रासाठी पाठवतात. फार साधी गोष्ट आहे, पण चुकीच्या निदानाचं एक मोठं कारण तिथेच संपतं.

चित्रांचा क्रम वयावर ठरतो आणि इथे तो पाळतात. तिशीच्या आत आधी सोनोग्राफी, कारण त्या वयात स्तन दाट असतो आणि मॅमोग्राफीत पांढऱ्यावर पांढरं दिसतं. चाळिशीपुढे दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी आणि गाठीची सोनोग्राफी. मधल्या दशकात डॉक्टर ठरवतात. मॅमोग्राफीत प्रत्येक बाजूचे दोन फोटो, एक वरून खाली आणि एक तिरका, शिवाय गाठीच्या जागी छोट्या पाटीने दाबून जास्तीचा फोटो. दाब काही सेकंदांचाच असतो, पण दुखतो, हे आधी सांगायला हवं. इथली तंत्रज्ञ ते सांगते, आणि त्यामुळे बाई अंग चोरत नाही. अंग चोरलं की काखेकडचा भाग फोटोत येतच नाही, आणि बरेच कॅन्सर त्याच बाहेरच्या वरच्या भागात असतात. किरणांची भीती बाळगू नये. दोन्ही बाजूंच्या नेहमीच्या चार फोटोंत मिळून जेवढे किरण लागतात तेवढे साधारण दीड-दोन महिन्यांत निसर्गातूनच आपल्या अंगावर येतात. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नये, पावडरचे कण फोटोत चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात. साडी-ब्लाउज किंवा कुर्ता-सलवार सोयीचं, सलग गाऊन नको.

रिपोर्टवर बाय-रॅड्‌स हा कॅन्सरची शक्यता सांगणारा 0 पासूनचा आकडा असतो आणि तो क्लिनिकमध्ये बसवून समजावतात, हे फार चांगलं. 0 म्हणजे तपासणी अपुरी, अजून फोटो हवेत. 1 आणि 2 म्हणजे काळजीचं काही नाही. 3 म्हणजे कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. 4 म्हणजे बायोप्सी हवीच, पण त्याचा पट्टा 2 पासून 95 टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे, म्हणून त्यापुढचं अक्षर महत्त्वाचं: 4-ए मध्ये 10 टक्क्यांपर्यंत, 4-बी मध्ये 50 पर्यंत, 4-सी मध्ये त्याहून वर. 5 म्हणजे 95 टक्के किंवा अधिक. ‘4’ वाचून घरी रडारड होते आणि ‘1’ वाचून घरातले निर्धास्त होतात. दोन्ही चूक. हाताला लागणाऱ्या कॅन्सरपैकी शंभरात दहा-पंधरा मॅमोग्राफीत दिसत नाहीत. हाताला संशयास्पद गाठ लागत असेल तर स्वच्छ फोटोवर विसंबून तिला घरी पाठवायचं नसतं.

आता सुई. इथे क्लिनिकच्या पाटीवरचा दावा आणि प्रत्यक्ष यांत फट आहे. पाटीवर ‘एका दिवसात निदान’ असं आहे. बारीक सुईने पेशी ओढून काढण्याची एफएनएसी त्याच दिवशी वाचता येते, हे खरं. पण त्या पेशींवरून कॅन्सर नळीतच थांबलाय की बाहेर पसरलाय ते कळत नाही, आणि हार्मोन रिसेप्टरची (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का, हे सांगणारी) खात्रीची तपासणीही होत नाही. संशयास्पद गाठीसाठी हवी ती कोअर बायोप्सी: 14 गेजची (म्हणजे जाडसर) स्प्रिंगची सुई, सोनोग्राफीत बघत, छातीच्या भिंतीला समांतर धरून, चार ते सहा तुकडे. तुकडा फॉर्मालिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रवात) किमान 6 तास मुरावा लागतो, त्यानंतर मेणात बसवून कापायचा. चांगली लॅबही दोन-तीन दिवसांआधी रिपोर्ट देऊ शकत नाही, आणि कॅन्सर निघाला तर ईआर, पीआर, हर-टू या औषधं ठरवणाऱ्या रिसेप्टर तपासण्यांना आणखी काही दिवस. म्हणजे ‘एका दिवसात तपासणी’ हे खरं, ‘एका दिवसात निदान’ हे नाही. पाटी बदलावी. तिच्यामुळे घरचे कोअरऐवजी लवकर होणारी एफएनएसी मागतात, आणि नंतर कोअर करावीच लागते.

बायोप्सीचं तंत्र मात्र निर्दोष आहे. मॅमोग्राफी आधी आणि सुई नंतर हा क्रम मोडत नाहीत, कारण सुईने साकळलेलं रक्त फोटो बिघडवतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल फोनवरच विचारतात. भूल स्थानिक, दोन-तीन मिलिमीटरचा काप, टाका नाही, नंतर दहा मिनिटं घट्ट दाबून धरतात. सुई मारली की कॅन्सर पसरतो ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. ती चुकीची आहे. खरा धोका उलट आहे: निदानाआधीच ‘काढूनच टाकू’ म्हणून गाठ कापली जाते, कडा राहून जातात, छेद भलत्या ठिकाणी पडतो आणि दुसरं ऑपरेशन करावं लागतं. तो सल्ला कोणी दिला तर आधी कोअर बायोप्सी मागावी. हे क्लिनिक आपणहून तीच करतं.

तुकडा हाताळण्यात मात्र ढिलाई आहे. तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये जायला हवा, आणि तुकडा काढल्याची व फॉर्मालिनमध्ये टाकल्याची अशा दोन्ही वेळा बाटलीवर लिहायला हव्यात. इथल्या बाटलीवर फक्त नाव आणि तारीख असते. फॉर्मालिनमध्ये 72 तासांहून जास्त राहिला तर रिसेप्टरचा निकाल खोटा येऊ शकतो, आणि पुढची औषधं त्याच निकालावर ठरतात. शनिवारी संध्याकाळी काढलेला तुकडा सोमवारी सकाळी लॅबमध्ये पोचला तर चालतं, पण जोडून सण आला की गणित बिघडतं. जोडसुट्टीच्या आदल्या दिवशी बायोप्सी घेऊ नये, किंवा लॅब उघडी आहे याची खात्री करून घ्यावी.

निकालानंतरचं वागणंही बघायचं असतं. साध्या फायब्रोअ‍ॅडिनोमासाठी इथे ऑपरेशन गळ्यात मारत नाहीत. सहा महिन्यांनी सोनोग्राफी, वाढ झाली, तीन सेंटिमीटरपुढे गेली किंवा बाईलाच नको असली तर काढायची. सिस्टमधलं पाणी सुईने काढल्यावर गाठ नाहीशी झाली आणि पाण्यात रक्त नसेल तर तिथेच थांबतात. रक्त आलं, गाठ थोडी उरली किंवा परत भरली तर तुकडा घेतात. स्तनपान करणाऱ्या बाईच्या गळवातला पू सोनोग्राफीखाली सुईने काढतात, गरज लागली तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा, आणि दूध पाजणं चालू ठेवायला सांगतात. दूध तुंबलं तर दुखणं वाढतंच. अँटिबायोटिकचा एक कोर्स होऊनही लाली उतरली नाही, तर सूज आणणाऱ्या कॅन्सरचा विचार करून पुढे तपासतात. चित्र संशयास्पद आणि तुकडा साधा, असं झालं तर तुकडा पुन्हा घेतात. निकालानंतरच्या वागण्यात सर्वांत जास्त गुण याच सवयीला.

त्यामुळेच त्यांचं ‘महिला दिन पॅकेज’ बघून वाईट वाटतं. त्यात सीए 15-3 ही रक्ततपासणी आणि उष्णतेवरून स्तन बघणारं थर्मल स्कॅनिंग घातलंय. सीए 15-3 निदानासाठी नाही. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बहुतेक वेळा नॉर्मल येते आणि साध्या आजारांतही वाढू शकते. थर्मल स्कॅन मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, वारंवार दिला आहे. स्पर्श नाही, किरण नाहीत, म्हणून सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये ते विकणं सोपं जातं. गाठ असलेल्या बाईला त्यातून खोटा दिलासा मिळाला तर नुकसान मोठं आहे. पॅकेज घेऊ नये, सर्जनची अपॉइंटमेंट घ्यावी.

पुरुषांनाही इथे तपासतात, आणि ते आवश्यक आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुरुष शंभरात एकाहून कमी असतात, पण बोंडशीच्या बाजूला कडक गाठ लागली तर ती वाढलेली ग्रंथी आहे असं गृहीत धरायचं नसतं.

खर्चाचा अंदाज लेखी मागावा. बायोप्सीच्या आकड्यात सुई, सोनोग्राफी आणि पॅथॉलॉजीची फी धरली आहे का, आणि रिसेप्टरची तपासणी वेगळी लागते का, हे दोन प्रश्न विचारले की नंतरचे वाद टळतात. परवडत नसेल तर त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा शासकीय रुग्णालय आणि शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. तिथेही याच मोजपट्टीने विचारावं: हात, चित्र, सुई. कॅन्सर निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटावं.

निघताना क्लिनिककडून तीन गोष्टी हातात घ्याव्यात: मॅमोग्राफीच्या फोटोंची सीडी (नुसता रिपोर्ट नव्हे), बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट, आणि पुढे मुंबईला दुसरं मत घ्यायचं असेल तर तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक व त्याच्या कापांच्या काचा (स्लाइड). ब्लॉक मागितल्यावर इथली लॅब सही घेऊन देते. तो गरम गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, मेण वितळतं.